दहा बळी, आणि समोरच्या टोकाचं शून्य

55-30-69-0.

एका फिरकी गोलंदाजाचं हे एका डावातलं पृथक्करण. 55 षटकं टाकली, त्यातली 30 निर्धाव, धावा 69 आणि बळी शून्य. गोलंदाज टोनी लॉक. मैदान मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, साल 1956, समोर ऑस्ट्रेलिया. त्याच डावात दुसऱ्या टोकाकडून जिम लेकर टाकत होता. त्याचे आकडे: 51.2-23-53-10.

लेकरचं नाव विक्रमांच्या कुठल्याही यादीत पहिल्या पानावर सापडतं. लॉकचे वरचे आकडे मुद्दाम शोधायला कुणी जात नाही. पण एका डावात दहाच्या दहा बळी घेणं म्हणजे काय आणि ते इतकं दुर्मीळ का, हे समजून घ्यायचं असेल तर मी म्हणेन, लॉकपासून सुरुवात करा. फलंदाजाला त्रिशतक ठोकताना जोडीदाराने फक्त बाद न होता उभं राहायचं असतं. गोलंदाजाला दहा बळी हवे असतील तर जोडीदाराने दिवसभर टाकत राहायचं आणि एकही बळी घ्यायचा नाही, अशी विचित्र अट असते. ती पाळायला कुणी कबूल होत नाही. ती आपोआप पाळली जावी लागते.

1877 पासून आजवर अडीच हजारांहून जास्त कसोटी सामने झाले. त्यात त्रिशतकं तीसहून जास्त. डावात दहा बळी मात्र तिघांनाच: लेकर, 1999 मध्ये दिल्लीत अनिल कुंबळे आणि 2021 मध्ये मुंबईत एजाज पटेल.

आधी आकडे वाचायचे कसे ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पृथक्करणात चार आकडे असतात: षटकं, निर्धाव षटकं, धावा, बळी. लेकरच्या 51.2 मधला टिंब दशांशचिन्ह नाही, हे नव्याने पाहणाऱ्यांना हमखास फसवतं. 51.2 म्हणजे 51 पूर्ण षटकं आणि वर 2 चेंडू, एकूण 308 चेंडू. त्याला 10 ने भागलं की आला स्ट्राइक रेट: दर 30.8 चेंडूंना एक बळी. धावांना बळींनी भागलं की सरासरी: 5.3. आणि धावांना षटकांनी भागलं की इकॉनॉमी: षटकामागे जेमतेम एक धाव. पहिला आकडा सांगतो गोलंदाज किती धारदार आहे, तिसरा सांगतो किती कंजूस आहे, आणि मधली सरासरी म्हणजे या दोन्हींचा गुणाकार भागिले सहा, कारण षटकात चेंडू सहा. म्हणून गोलंदाजांची तुलना करायची तर सरासरी बघतात आणि भांडायचं असेल तर उरलेले दोन.

कॉलेजात असताना मी आमच्या क्लबचं स्कोअरबुक भरायचो. खेळ बेताचा होता आणि अक्षर बरं, त्यामुळे ते काम गळ्यात पडलं. षटकाचा एक चौकोन, त्यात प्रत्येक चेंडूची खूण. धाव नाही तर टिंब. तीन टिंबं एका ओळीत, तीन खालच्या ओळीत. सहाही टिंबं कोरी राहिली की ती रेघेने जोडून एम काढायचा, म्हणजे मेडन, निर्धाव. त्यात बळीही मिळाला असेल तर त्याच टिंबांचा डब्ल्यू. एखादा गोलंदाज लागोपाठ मेडन टाकत असला की पानावर एम-एम-एमची नक्षी तयार होते आणि धावफलक लिहिणाऱ्याला जाम आनंद होतो.

बळी गोलंदाजाच्या नावावर कधी लागतो, हेही तिथेच पक्कं झालं. त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत, यष्टिचीत आणि फलंदाजाने स्वतःच यष्टी पाडली तर हिट विकेट. धावबाद मात्र कुणाच्याच नावावर नाही. म्हणजे डावात एक जण जरी धावबाद झाला तरी दहा बळींचं स्वप्न तिथेच संपलं. आमच्या एका ऑफस्पिनरने एका सामन्यात पहिले सातच्या सात गडी घेतले होते. आठव्याने त्याच्याच चेंडूवर मिडऑनकडे ढकललं आणि चोरटी धाव घ्यायला निघाला. आमचा पठ्ठ्या स्वतः धावत गेला, चेंडू उचलला आणि थेट फेकीने यष्ट्या उडवल्या. सगळे नाचत होते. तो दोन क्षण नाचला आणि मग माझ्याकडे, म्हणजे स्कोअरबुककडे, असं बघत राहिला की मला वाटलं, खाडाखोड करायला सांगतोय की काय.

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

समजा, संघात चार सारख्याच ताकदीचे गोलंदाज आहेत. पडणारा प्रत्येक बळी चौघांपैकी कुणालाही मिळू शकतो. मग दहाही एकालाच मिळण्याची शक्यता म्हणजे एक चतुर्थांशला दहा वेळा गुणायचं: 10,48,576 मध्ये एकदा. ठीक आहे, आपला गोलंदाज फारच भारी आहे, निम्मे बळी त्याचेच असं धरू. तरीही 1,024 मध्ये एकदा. पैकीच्या पैकी गुण मिळायला दहाही प्रश्नांवर नाणं एकाच बाजूला पडावं, तसा प्रकार.

आणि निम्मे तरी कसे मिळावेत? क्रिकेटचा साधा नियम आहे: एकाच गोलंदाजाला लागोपाठ दोन षटकं टाकता येत नाहीत. एक षटक या टोकाकडून, पुढचं त्या टोकाकडून दुसऱ्याने. त्यामुळे कितीही ताकद असली तरी डावातले जास्तीत जास्त निम्मे चेंडू तुमच्या हातात. उरलेल्या निम्म्यांत काय होतं, ते तुम्ही क्षेत्ररक्षण करताना बघत राहायचं. प्रत्यक्षात निम्मेही मिळत नाहीत. कुंबळेने त्या डावातले 44 टक्के चेंडू टाकले, एजाजनेही जवळपास तेवढेच. लेकरने तर फक्त 34 टक्के. ऑस्ट्रेलियाचा तो डाव 150.2 षटकं चालला होता. तीनपैकी दोन चेंडू इतरांनी टाकले आणि त्यांना एकही बळी नाही. एक तृतीयांशच्या हिशोबाने ही गोष्ट 59,049 मध्ये एकदा घडावी.

हे गणित अर्थातच भाबडं आहे. बळी म्हणजे सोडतीच्या चिठ्ठ्या नव्हेत. खेळपट्टी एखाद्याला साथ देते, एखाद्याचा त्या दिवशी हात बसलेला असतो, फलंदाज त्याला बिचकतात, म्हणून त्याचा वाटा आपोआप वाढतो. पण मग प्रश्न येतो तो लॉकचा. खेळपट्टी दोघांना तीच होती.

तर मँचेस्टर. इंग्लंडने आधी फलंदाजी करून 459 केल्या. खेळपट्टी कोरडी पडत गेली, चेंडू हातभर वळायला लागला. ऑस्ट्रेलिया बिनबाद 48 वरून सर्वबाद 84. लेकर 9 बळी 37 धावांत. उरलेला एक, सलामीचा जिम बर्क, लॉकला मिळाला. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात पावसाने बराच वेळ खाल्ला, ऑस्ट्रेलियाचा कॉलिन मॅकडोनाल्ड 89 धावा करत खिंड लढवत राहिला, आणि तरीही शेवटच्या दिवशी लेन मॅडॉक्स पायचीत झाला तेव्हा लेकरचे दहा पूर्ण झाले होते. सामन्यात 90 धावांत 19 बळी. एका सामन्यात पडू शकतात वीस. सतरापुढेही आजवर दुसरं कुणी गेलेलं नाही. सतरावर सिडनी बार्न्स आहे, 1913 च्या जोहान्सबर्गमधला.

लॉक काही कच्चा गोलंदाज नव्हता. दोघेही सरे काउंटीचे, वर्षानुवर्षं एकमेकांच्या समोरच्या टोकाकडून टाकणारे. याच मोसमात, या कसोटीच्या काही दिवसच आधी, लॉकने केंटविरुद्ध डावात 54 धावांत दहा बळी घेतले होते. म्हणजे दहा बळींची चव त्याला ठाऊक होती. ओल्ड ट्रॅफर्डला त्याचं बिनसलं ते दोन कारणांनी. एक तांत्रिक: लेकर ऑफस्पिनर, त्याचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत यायचा, पॅडवर किंवा बॅटची कड घेऊन लेग साइडला जवळ उभ्या असलेल्यांच्या हातात. तिथे ॲलन ओकमनने त्या सामन्यात पाच झेल घेतले. लॉक डावखुरा, त्याचा चेंडू बाहेर जायचा. इतकं वळत असताना बाहेर जाणारा चेंडू बॅटची कडही न घेता निघून जातो. आत येणारा चेंडू तसा जात नाही, वाटेत पाय असतात.

दुसरं कारण माणसाचं. समोर एकेक बळी जाताना बघून लॉक चिडत गेला, आणि चिडला की वेग वाढवायचा. वेग वाढला की टप्पा आखूड पडतो आणि वळायला वेळ मिळत नाही. लेकर त्याच संथ लयीत, त्याच जागेवर टाकत राहिला. पण गंमत अशी की लॉकच्या त्या चिडलेल्या 55 षटकांतली 30 निर्धाव होती. फलंदाजाला त्या टोकाला श्वास घ्यायला जागा नव्हती. दाबून ठेवलेला फलंदाज धाव कुठून काढायची म्हणून दुसऱ्या टोकाकडे बघतो, आणि तिथे लेकर. लॉकने कूकरची शिटी दाबून धरली आणि वाफ लेकरच्या बाजूने निघाली, असं मला दिसतं.

सामना संपल्यावर लेकर स्वेटर खांद्यावर टाकून, कामावरून घरी निघालेल्या माणसासारखा मैदानाबाहेर आला. दक्षिणेकडे गाडीने परतताना लिचफील्ड गावात एका पबमध्ये थांबला, सँडविच आणि बिअर घेतली. आत सगळे टीव्हीवर त्याचीच कामगिरी बघत होते. त्याला कुणी ओळखलं नाही. ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितलेली.

दिल्लीला आलो की चित्र पालटतं. 7 फेब्रुवारी 1999, फिरोजशाह कोटला, पाकिस्तानपुढे 420 धावांचं लक्ष्य. चेन्नईची आधीची कसोटी भारत 12 धावांनी हरलेला, सचिन पाठीच्या दुखण्यानिशी 136 करून बाद झालेला, त्यामुळे जखम ताजी. सईद अन्वर आणि शाहिद आफ्रिदीने बिनबाद 101 पर्यंत मजल मारली तेव्हा पुन्हा तेच होणार असं वाटायला लागलं होतं. कुंबळेने टोक बदललं. आफ्रिदीचा झेल यष्टिरक्षक मोंगियाकडे, पुढच्याच चेंडूवर इजाज अहमद पायचीत. 101 ला बिनबादचे 128 ला सहा.

कुंबळेला आपण लेगस्पिनर म्हणतो पण त्याचा चेंडू फारसा वळायचा नाही. उंची, वेग आणि टप्पा पडल्यावर उसळी, ही त्याची हत्यारं. चौथ्या डावातल्या झिजलेल्या खेळपट्टीवर एक चेंडू उसळतो आणि दुसरा घोट्याएवढा राहतो, तेव्हा वळण लागतं कुणाला? त्याचे दहा बळी असे: पाच झेल, तीन पायचीत, दोन त्रिफळाचीत. 26.3-9-74-10.

आणि समोरचं टोक? नववा गडी बाद झाल्यावर पुढचं षटक होतं जवागल श्रीनाथचं. भारताचा तेव्हाचा सगळ्यात वेगवान गोलंदाज, आणि त्याने अख्खं षटक यष्टीपासून लांब टाकलं, पंचांनी वाईड दिले इतकं लांब. बळी मिळू नये म्हणून कष्ट घेणारा गोलंदाज मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढच्या षटकात वसीम अक्रमचा झेल लक्ष्मणच्या हातात विसावला. पाकिस्तान 207, भारत 212 धावांनी विजयी.

यात खेळभावनेला बाधा येते का, यावर वाद घालणारे भेटतात. माझं मत विचारलं तर, दोनशेहून जास्त धावा हव्या आणि एकच गडी शिल्लक असताना एक षटक मित्रासाठी वाकडं टाकलं तर आकाश कोसळत नाही. सामना अडलेला असता आणि श्रीनाथने हेच केलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. लॉक आणि श्रीनाथ, दोघांच्या नावापुढे शून्यच. एक सगळं पणाला लावून मिळालेलं, दुसरं हौसेने घेतलेलं.

तिसरी गोष्ट आपल्या घराजवळची. एजाज पटेल मुंबईत जन्मला, आठ वर्षांचा असताना कुटुंब न्यूझीलंडला गेलं. तिथे तो वेगवान गोलंदाज म्हणून वाढला आणि विशीत आल्यावर डावखुऱ्या फिरकीकडे वळला. डिसेंबर 2021 मध्ये तो वानखेडेवर कसोटी खेळायला उतरला तो पाहुण्यांच्या संघातून.

अवकाळी पावसाने मैदान ओलं, खेळ उशिरा सुरू. भारत बिनबाद 80. मग शुभमन गिल स्लिपमध्ये झेलबाद, चेतेश्वर पुजारा शून्यावर त्रिफळाचीत, विराट कोहली शून्यावर पायचीत. 80 वर तीन. कोहलीच्या बॅटला चेंडू लागला होता की नाही यावर नाक्यानाक्यावर खल झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धिमान साहा पायचीत, आणि पुढच्याच चेंडूवर रविचंद्रन अश्विनची यष्टी उडाली. झेलाचं अपील आहे असं समजून अश्विनने चक्क रिव्ह्यू मागितला. मागे वळून बघितल्यावर त्याला कळलं. मयंक अगरवाल 150 करून गेला, मग शेपूट, आणि शेवटी मोहम्मद सिराजचा उंच उडालेला फटका रचिन रवींद्रने झेलला. 47.5-12-119-10. बळींची विभागणी बघा: पाच झेल, तीन पायचीत, दोन त्रिफळाचीत. कुंबळेची हुबेहूब तीच.

इथे समोरच्या टोकाला ना रागावलेला लॉक होता ना उदार श्रीनाथ. टिम साउदीने 22 षटकं जीव तोडून टाकली, ऑफस्पिनर विल सोमरविलला 19 षटकांत 80 धावा पडल्या, आणि बळी कुणालाच नाही. म्हणजे एजाजला दुसऱ्या टोकाकडून दबावाचीही मदत धड मिळाली नाही. लेकर आणि कुंबळे यांचे दहा बळी सामन्याच्या उत्तरार्धातले, खेळपट्टी मोडल्यावरचे, आणि आपल्याच देशात. एजाजचे सामन्याच्या पहिल्याच डावातले, परक्या संघाच्या अंगणात, फिरकी खेळण्यात मुरलेल्या फलंदाजांविरुद्ध. गणिताने लेकरचा पराक्रम सगळ्यात अशक्य. पण परिस्थिती बघितली तर माझ्या लेखी एजाजचा सगळ्यात अवघड. आणि त्याचं बक्षीस काय? न्यूझीलंड त्याच दिवशी 62 धावांत गारद. सामना 372 धावांनी हरले. तिघांतला हरलेल्या बाजूचा तो एकटाच. मायदेशी परतल्यावर पुढच्या मालिकेसाठी, हिरव्या खेळपट्ट्यांवर फिरकीची गरज नाही म्हणून, त्याला संघातही घेतलं नाही.

वानखेडेचं देणं मात्र वानखेडेने फेडलं. नोव्हेंबर 2024 मध्ये तो त्याच मैदानावर आला, दोन डावांत पाच आणि सहा बळी घेतले, न्यूझीलंड 25 धावांनी जिंकलं आणि भारताला भारतात 3-0 अशी मालिका गमवावी लागली. आम्हा मुंबईकरांनी नक्की कुणासाठी टाळ्या वाजवायच्या, हा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही.

2021 च्या त्या सामन्याचा सामनाधिकारी कोण होता, ठाऊक आहे? जवागल श्रीनाथ. आणि भारताचा प्रशिक्षक राहुल द्रविड, ज्याने कोटलावर कुंबळेच्या चेंडूवर मुश्ताक अहमदचा झेल घेतला होता. दोघांनी डावातले दहा बळी दोनदा डोळ्यांसमोर पाहिले, एकदा मैदानातून आणि एकदा बाहेरून.

एकदिवसीय आणि ट्वेंटी-20 मध्ये हे का होत नाही, ते लगेच समजण्यासारखं आहे. एकदिवसीय सामन्यात गोलंदाजाला जास्तीत जास्त 60 चेंडू, ट्वेंटी-20 मध्ये 24. दीपक चहरने 2019 मध्ये नागपूरला बांगलादेशविरुद्ध 7 धावांत 6 बळी घेतले तेव्हा त्याने सगळे मिळून 20 चेंडू टाकले होते. एवढ्यात आणखी काय करणार? महिलांच्या कसोटीत आजवरची सर्वोत्तम कामगिरी नीतू डेव्हिडची, 1995 मध्ये जमशेदपूरला इंग्लंडविरुद्ध 53 धावांत 8 बळी. महिलांच्या कसोट्याच इतक्या कमी होतात की नऊ-दहाची वाट बघायला संधी हवी ना.

मी मघाशी दबावाबद्दल बोललो. त्याचं सगळ्यात शुद्ध उदाहरण आपल्याकडचं आहे. जानेवारी 1964, मद्रास, इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णी: 32-27-5-0. नाशिकला जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकीपटूने लागोपाठ 21 षटकं निर्धाव टाकली, 131 चेंडूंवर एकही धाव नाही. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा सराव करायचे, असं सांगतात. बळींचा रकाना कोरा. त्याच डावात पाच बळी मिळाले चंदू बोर्डे यांना. विक्रमांच्या यादीत शून्य बळींचं पृथक्करण दिमाखात बसलंय असं हे बहुधा एकच, आणि त्या एम-एम-एमच्या नक्षीसाठी त्या दिवशीचा स्कोअरर व्हायला मला फार आवडलं असतं.

राहिले ते नऊवर अडकलेले. हे मला दहावाल्यांपेक्षा जास्त आवडतात, कारण प्रत्येक ठिकाणी घास तोंडाशी आलेला असताना कुणाचा तरी हात आडवा आलेला आहे.

अहमदाबाद, 1983. कर्णधार कपिल देवने वेस्ट इंडिजचे नऊ घेतले, 83 धावांत. एक बलविंदर संधूने घेतला होता. भारत तरीही हरला. ब्रिस्बेन, 1985. रिचर्ड हॅडलीने ऑस्ट्रेलियाचे पहिले आठ गडी घेतले. नवव्याने, जेफ लॉसनने, वॉन ब्राउन नावाच्या नवख्या फिरकीपटूला उचलून मारलं. चेंडूखाली कोण? हॅडली. सोडला असता तर कुणी विचारलं नसतं. त्याने धावत जाऊन झेल घेतला आणि पुढे दहावा गडीही स्वतःच काढला: 52 धावांत 9. वॉन ब्राउन दोन कसोटी खेळला आणि त्याच्या नावावर एकूण बळी एक. तो हा.

श्रीलंकेची गोष्ट तर हिशोब चुकता केल्यासारखी आहे. डिसेंबर 2001, कोलंबो, एकदिवसीय सामना. चामिंडा वासने झिम्बाब्वेचे पहिले आठच्या आठ गडी घेतले, 19 धावांत. उरलेले दोन मुथय्या मुरलीधरनने येऊन चटकन उडवले आणि झिम्बाब्वे 38 मध्ये आटोपलं. महिनाभरानंतर कँडीला त्याच झिम्बाब्वेविरुद्ध कसोटी. पहिल्या दिवसाखेर मुरलीचे नऊ बळी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या चेंडूवर शॉर्ट लेगला रसेल अरनॉल्डच्या हातून झेल सुटला. मग वासच्या चेंडूने हेन्री ओलोंगाच्या बॅटची कड घेतली आणि मागे संगकाराने तो टिपला. मुरली 51 धावांत 9.

आणि कानपूर. डिसेंबर 1958, ग्रीन पार्क, वेस्ट इंडिजचा पहिला डाव. मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते एकामागून एक गडी काढत होते: 102 धावांत 9. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी याच मैदानावर जसू पटेल यांनी ऑस्ट्रेलियाचे नऊ काढले, तेव्हा उरलेला एक चंदू बोर्डे यांनी घेतला. गुप्त्यांचा दहावाही हातात आला होता म्हणतात. लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या ग्लव्हजमधून निसटला. मग गिब्जला बाद केलं ते वसंत रांजणे यांनी, पुण्याच्या मध्यमगती गोलंदाजाने. रांजण्यांची ती पहिलीच कसोटी होती, पहिलाच डाव आणि कसोटीतला पहिलाच बळी. यष्टीबाहेर टाक, असं त्यांना कुणी आणि कुठल्या तोंडाने सांगायचं होतं?